मॉर्विद आणि शनीचा सूर

मॉर्विद रीस दिसायला साधी बाई. ठेंगणी, जाड मनगटांची, केस कायम रुमालात बांधलेले. नवरा इडवल खाणीच्या दिवेघरात, कामगारांचे दिवे भरून द्यायच्या खोलीत कामाला, म्हणून कार्डिफकडच्या ट्रेवेन या खाणगावात त्याला इडवल दिवा म्हणत आणि हिला मिसेस दिवा. मी डॉक्टरची बायको, म्हणून मिसेस डॉक्टर. माझं नाव प्रमिला आहे हे त्या गावात फक्त पोस्टमनला ठाऊक होतं, आणि त्यालाही ते म्हणता येत नव्हतं.

मॉर्विदला मी आधी ऐकलं आणि नंतर पाहिलं. सकाळी गुडघ्यांवर बसून ती दाराची पायरी घासायची आणि घासता घासता गायची. त्या गल्लीत सगळ्याच बायका पायऱ्या घासत आणि सगळ्याच गात, पण हिचा आवाज वेगळा होता. मोठमोठ्या गायिकांचा आवाज वरच्या पट्टीत थरथरतो आणि लोक त्याला कला म्हणतात. हिचा आवाज ताणलेल्या सुतळीसारखा सरळ जायचा. खालून दूधवाला घोडागाडी घेऊन यायचा, तो तिचं कडवं संपेपर्यंत बाटल्या वाजवत नसे.

हेब्रॉन चॅपेलच्या कॉयरमध्ये, म्हणजे भजनं गाणाऱ्या मंडळीत, मला तिनेच ओढलं. "खालच्या आवाजाच्या बायका कमी पडतात आम्हाला," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, मी तुमच्या देवाची नाही." तर म्हणते, "देवाचं देव बघेल. गुरुवारी सातला ये, आणि उशीर करू नकोस." खरोखर, त्या लोकांना माझा धर्म कधी नडला नाही. उशीर एकदा झाला तो मात्र चांगलाच नडला.

कागदावरच्या पाच रेघा आणि त्यावर बसलेले काळे ठिपके ट्रेवेनमध्ये कुणाला वाचता येत नसत. अपवाद एक, ऑर्गन वाजवणाऱ्या मिस एलिनेड. बाकी सगळा कारभार डो, रे, मी वर. म्हणजे आपलं सा रे ग मच. त्यांचा डो आपल्या सासारखा, हवा तिथे मांडावा आणि गावं. मला हे पहिल्याच दिवशी कळलं, तेव्हा कॉयरचे प्रमुख एम्लिन प्यू थक्क झाले. ही इंडियन बाई फार हुशार आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. मी कशाला खोडून काढू?

प्यूंचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. उंच, हाडकुळा माणूस, चॅपेलचे पंच, विधुर. गाणं शिकवताना ते बोलायचे कमी आणि हात जास्त चालवायचे. मूठ म्हणजे डो, आडवा तळहात म्हणजे मी, आपला ग, आणि वर उभं बोट म्हणजे टी, आपला नी. प्रत्येक सुराला हाताची एक खूण होती. सगळं उजव्या हाताने. गाण्यात मध्येच सा बदलायचा असेल, तर त्या जागी डावा हात वर यायचा आणि पुढचं गाणं डाव्या हाताने चालायचं. डावा हात दिसला की सगळे नव्या सावर जायचे. दिसला नाही तर जागचे हलायचे नाहीत, मग बाहेर आभाळ कोसळो. ही शिस्त प्यूंनी वीस-बावीस वर्षं घासून घासून लावली होती. "कान फसवतो," ते म्हणायचे, "हाताकडे बघा."

सदुसष्टच्या नोव्हेंबरात आमच्या कॉयरला कार्डिफच्या टीव्हीवाल्यांनी बोलावलं. रविवारच्या कार्यक्रमासाठी भजनं हवी होती. वास्तविक प्यू टीव्हीचे कट्टर वैरी. 'घरात आणलेली सर्कस' असं त्यांनी चॅपेलात उभं राहून सांगितलं होतं, आणि टीव्ही घेतलेल्या चार घरांनी माना खाली घातल्या होत्या. त्यातलं एक आमचं. पण भजनं म्हटल्यावर टीव्ही एकदम देवाच्या कामाचा झाला आणि प्यू बसमध्ये सगळ्यांत पुढच्या सीटवर जाऊन बसले.

भजनं झाली. चहा पिऊन निघणार, तेवढ्यात शेजारच्या स्टुडिओतून एक गृहस्थ धावत आले. लंडनचे संगीतकार, नाव ट्रेंच, स्वेटरवर सिगारेटची राख. लहान मुलांसाठीच्या त्यांच्या नव्या मालिकेचं सुरुवातीचं संगीत त्या दिवशी पुरं करायचं होतं. मालिकेचं नाव आपल्या भाषेत सांगायचं तर 'शनीवरची चौकी'. वाद्यं आधीच ध्वनिमुद्रित झालेली, वरती फक्त एका बाईचा आवाज हवा होता, शब्दांशिवाय, नुसता आ. आणि लंडनहून आणलेल्या गायिकेचा घसा बसला होता.

"न थरथरणारा आवाज आहे का कुणाचा तुमच्यात?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी मॉर्विदकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला तुमचं ते ठिपक्यांचं वाचता येत नाही."

"त्याची चिंता नको," प्यू म्हणाले. "एलिनेड मला चाल सांगेल, मी हाताने दाखवतो." त्या क्षणी ते केवढे खूश होते! आपल्या कॉयरची शिस्त लंडनवाल्याला दाखवायची संधी कोण सोडेल?

मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले, बाकीचे बाहेर थांबले. मॉर्विद मायक्रोफोनपुढे उभी, एका कानावर हेडफोन; वाद्यं हळू आवाजात आम्हालाही ऐकू येत होती. समोर प्यू, हात वर करून. आणि मॉर्विदच्या मागे भिंतीवर पडदा, कारण सूर चित्राच्या लांबीत बसायला हवा होता.

चित्र सुरू झालं. सगळा काळोख. मग तारे उगवले. ते टाचणीने भोसकलेल्या पुठ्ठ्याचे आहेत असं ट्रेंचनीच आधी सांगितलं होतं, पण पडद्यावर पुठ्ठा कुठे दिसतो? मग कोपऱ्यात उजेडाची एक बारीक कड, आणि त्या कडेमागून शनी, भोवतालच्या कड्यांसकट, अगदी सावकाश वळत वर आला. त्याच्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं. खोटं कशाला बोलू, मी तोंड उघडं टाकून बघत होते. आमच्याकडे शनी म्हटला की साडेसाती, तेल आणि उडीद. तो इतका देखणा असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मॉर्विद गात होती. मधेच व्हायोलिनं एक पायरी वर चढली. सा बदलला. तिने मात्र तीच चाल जुन्या सावरच पुढे नेली. खाली एक जग, वर दुसरं, आणि दोन्ही एकमेकांना घासत चाललेली. माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे कुणी असं गायलं असतं तर तबलजी उठून गेला असता.

गाणं संपलं आणि ट्रेंच ओरडले, "हेच! हेच हवं होतं मला! कुणी हात लावू नका याला!" पुन्हा गायची गोष्टच निघाली नाही. मॉर्विदने हेडफोन काढला, प्यूंकडे पाहिलं, आणि कोट घालायला गेली. परतीच्या बसमध्ये प्यू पुढच्याच सीटवर बसले. एकदाही मागे वळले नाहीत.

जानेवारीत मालिका सुरू झाली, दर शनिवारी संध्याकाळी. पहिल्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात मुंगीला जागा नव्हती. इडवल टाय लावून आला होता. शेजारची काइनवेन, बेकरीवाली, सर्वांत चांगली खुर्ची धरून बसली. ती कॉयरमध्ये मॉर्विदच्या मागच्या बाकावर गायची आणि गेली दहा वर्षं पुढच्या बाकाकडे बघत होती.

काळोख, तारे, शनी, मॉर्विदचा आवाज. इडवलने माझ्या नवऱ्याचं मनगट धरलं. मग ती जागा आली. खोलीतल्या प्रत्येकाने मान किंचित वळवली, दात दुखल्यावर वळवतात तशी. त्या गावात खाणीतून अंग काळं करून आलेला गडीसुद्धा चुकलेला सा भिंतीपलीकडून ओळखतो. 

शेवटी काइनवेन म्हणाली, "चित्र छान होतं हं."

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात मालिकेचं कौतुक आलं. त्यात त्या 'अद्भुत विजेच्या वाद्याचा' खास उल्लेख होता. नावांच्या पाटीत फक्त ट्रेंच होते. सगळ्या देशाला वाटलं, हे यंत्र आहे. फक्त आमच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं की ती मिसेस दिवा आहे आणि बेसूर आहे.

"यंत्र म्हणतायत तेच बरं आहे गं बाई," काइनवेन पावाच्या गिऱ्हाइकांना सांगायची. "यंत्राला निदान लाज नसते."

खाणीवर इडवलला म्हणायचे, "काय रे, बायको अजून खालच्याच पट्टीत हरवलीय का? दिवा घेऊन जा की शोधायला!" तो बिचारा हसायचा. त्याला दुसरं काही येत नव्हतं.

हे थट्टेवर भागलं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण गुड फ्रायडे जवळ येत होता. त्या दिवशी हेब्रॉनमध्ये मोठा कार्यक्रम असायचा, आसपासच्या गावांतून लोक यायचे, आणि त्यातलं बाईने एकटीने गायचं गाणं चौदा वर्षं मॉर्विदचं होतं. मूल नाही, पैसा नाही, खाणीच्या धुळीने नवऱ्याची छाती भरत आलेली. त्या बाईकडे वर्षातली ती दहा मिनिटं होती. आता कुजबूज सुरू झाली की तिचा कान गेला. यंदा कार्डिफहून भाड्याने गायिका आणावी. काइनवेनने मला रस्त्यात थांबवून विचारलं, "डॉक्टरांना विचाराल का हो, या वयात बायकांचे कान जातात ना?"

 मॉर्विद आता पायरी मुकाट घासायला लागली. सकाळी ब्रशचा नुसता खरखर आवाज यायचा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी प्यू खोकल्याचं औषध न्यायला आले. दवाखाना आमच्या घरातच, पुढच्या खोलीत. मी स्वयंपाकघरातून येत होते. दिवाणखान्याचं दार अर्धं उघडं, आत टीव्ही चालू, आणि प्यू बोळात टोपी काखेत धरून उभे. मला त्यांनी पाहिलं नाही. आत शनी वळत होता. व्हायोलिनं चढायची जागा आली आणि प्यूंचा डावा हात वर गेला. आपोआप, खांद्यापर्यंत. मग त्यांनी तो हात असा खाली ओढला, जसा काही चटका बसलाय.

मला लख्ख कळलं. कार्डिफला मी पडद्याकडे बघत होते, तसेच तेही बघत होते. उजवा हात सवयीने चाल दाखवत राहिला. डावा वर आलाच नाही.

मी दुसऱ्या दिवशी मॉर्विदकडे गेले. ती तव्यावर मनुकांच्या गोड चकत्या भाजत होती.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं. "तुझा सूर चुकला नाही, त्यांचा हात चुकला."

"चकती खा," ती म्हणाली. "गरम आहे."

"अगं, सांगत का नाहीस? ते काइनवेनचं तोंड तरी बंद होईल."

"हात कुणाचा?"

"प्यूंचा."

"मग त्यांनी सांगायचं." तिने तव्यावरची चकती उलटली. "मी सांगितलं तर काय होईल? बेसूर बाई प्रमुखांवर ढकलते, म्हणतील. आणि तू सांगू नकोस हं, मिसेस डॉक्टर. सांगितलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

मी गप्प बसले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं माझी सासू म्हणायची. तिने मला त्या महिन्यात बघायला हवं होतं.

मार्चमधल्या एका गुरुवारी चॅपेलमागच्या खोलीत गाणं कुणी गायचं याचा निर्णय व्हायचा होता. हात वर करून मत द्यायचं, अशी तिथली रीत. काइनवेन उभी राहिली. तिने मॉर्विदच्या जुन्या दिवसांची इतकी स्तुती केली की मॉर्विद मेली आहे असं वाटावं. मग म्हणाली, "कान गेला यात कुणाचा दोष नाही. पण पाहुण्यांसमोर फजिती नको."

"माझा कान शाबूत आहे," मॉर्विद बसल्या जागेवरून म्हणाली.

"मग होऊन जाऊ दे! मिस्टर प्यू, तेच गाणं तुम्ही हाताने दाखवा, कार्डिफला दाखवलंत तसं. सगळ्यांसमोर. एलिनेड, ती शनिवारची चाल येते ना तुला?"

कुणाला येत नव्हती? मिस एलिनेड पेटीवर बसली. मॉर्विद उठून मधोमध आली. प्यू तिच्यासमोर उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

त्यांनी उजवा हात उचलला. मॉर्विद गायला लागली, तशीच सरळ. आम्ही सगळे श्वास धरून. ती जागा आली, पेटी वर चढली. प्यूंचा डावा हात वर आला नाही. ते विसरले असं कुणी म्हणेल. मी समोरच होते. त्या हाताने, आपोआप वर जाऊ नये म्हणून, कोटाचं बटण घट्ट धरलं होतं, पेरं पांढरी पडेपर्यंत. मॉर्विद जुन्या सावरच राहिली, नजर त्यांच्या उजव्या हातावर. खोलीत तोच सूर उभा राहिला, शनिवारचा.

प्यू थांबले. "परत," म्हणाले.

या वेळी त्या जागी डावा हात वर आला, आणि मॉर्विद पेटीबरोबर वर गेली. पायरी चढावी इतकं सहज.

"कार्डिफला हा हात खालीच होता," प्यू म्हणाले. "मी चित्र बघत होतो."

"कसलं चित्र?" काइनवेनने विचारलं.

"शनीचं."

कुणी हसलं नाही. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग इतके दिवस बोलला का नाहीस, एम्लिन?"

"टीव्हीला सर्कस म्हणणारा मी. बोलायला तोंड कुठे होतं मला?"

मत घ्यायचं म्हणून घेतलं. सगळे हात वर गेले, काइनवेनचासुद्धा, थोडा उशिरा. माझे डोळे भरून आले होते. वाटलं, झालं, मिटलं.

"गाईन मी," मॉर्विद म्हणाली. "पण हात मिस एलिनेडचा असेल."

"माझा?" एलिनेड दचकली. "अगं, मग ऑर्गन कोण वाजवणार?"

"कार्डिफहून भाड्याने माणूस आणा. आणायचंच होतं ना कुणीतरी."

प्यूंनी मान हलवली. हो म्हणून की समजलं म्हणून, कोण जाणे. टोपी घेतली आणि ते गेले.

घरी जाताना मी मॉर्विदला बोलले. मला तिचा खरंच राग आला होता. "माणसाने चारचौघांत कबूल केलं. आणखी किती नमवायचं? चूक कुणाच्या हातून होत नाही?"

"चुकीचं काही नाही गं," ती म्हणाली. "वाद्यं वर चढली ते मीही ऐकलं होतं कार्डिफला. हात सांगेल तेच गायचं म्हणून गायले. लंडनहून माणूस आलेला, त्याच्यासमोर त्यांची शोभा कशाला करू?" ती थोडी थांबली, धापेने. चढ फार होता. "पण नंतर दर गुरुवारी मी त्यांच्यासमोर उभी राहायचे. वाटायचं, आज बोलतील. आणि ते सगळ्यांदेखत काय म्हणायचे, आठवतं? 'मॉर्विद, सूर सांभाळ.'"

मला आठवत होतं. मी त्याच खोलीत बसलेली असायचे. तेव्हा मला ती शिस्त वाटली होती. 

गुड फ्रायडेला हेब्रॉन खिडक्यांपर्यंत भरलं होतं. एलिनेड समोर उभी राहून हात दाखवत होती. प्यू खालच्या आवाजाच्या पुरुषांत, शेवटच्या बाकावर उभे राहून गायले, एलिनेडच्या हाताकडे बघत, इतरांसारखे. मॉर्विदच्या गाण्याला बायकाच काय, खाणीतले गडीही रडले. काइनवेन तर सगळ्यांत मोठ्याने. गाणं संपल्यावर मॉर्विदने एलिनेडकडे पाहून मान लववली आणि जागेवर येऊन बसली. शेवटच्या बाकाकडे तिने पाहिलं नाही.